माहुलीला यायचंय? आधी सांगा, पुलाच्या अलीकडं का पलीकडं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्याला लागून असलेल्या आमच्या माहुलीबद्दल तेच तेच प्रश्न लोक फोन करून विचारतात, त्यातले निम्मे तर चुकीच्या जागी पोहोचल्यावर विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवून द्यायचं. वाचायचा कंटाळा असेल तर फक्त दुसरा प्रश्न वाचा, नव्वद टक्के काम होतंय.

माहुली नेमकी आहे कुठं?

सातारा शहराच्या पूर्वेला, कोरेगाव रस्त्यावर, पोवई नाक्यापासून साधारण पाच किलोमीटर. अजिंक्यतारा पाठीशी ठेवायचा, जरंडेश्वरचा डोंगर समोर धरायचा आणि सरळ जायचं, कृष्णा नदी लागली की माहुली आली. पूर्वी मधे शेतं होती म्हणून गाव वेगळं वाटायचं, आता कृष्णानगर, खेड करत करत शहरच इकडं सरकत आलंय, त्यामुळं नवख्या माणसाला सातारा कुठं संपला आणि माहुली कुठं सुरू झाली ते कळत नाही. खरं सांगायचं तर आता आम्हालाही नीट सांगता येत नाही.

एक माहुली आहे का दोन?

दोन. हे पाठच करून ठेवा. सातारच्या बाजूला, म्हणजे नदीच्या पश्चिम काठाला, ती संगम माहुली. पूल ओलांडून पूर्व काठाला गेलात की क्षेत्र माहुली. मधे कृष्णा. गावं वेगळी, ग्रामपंचायती वेगळ्या, पाव्हणे मात्र दोन्हीकडं एकमेकांचेच. पूर्वी संगम माहुली औंधच्या पंतप्रतिनिधींकडं होती, त्यामुळं कारभारसुद्धा वेगळा असायचा.

आता यातनं होतं काय, की लग्नपत्रिकेवर नुसतं 'माहुली' छापलेलं असतं आणि वऱ्हाड अलीकडं थांबतं, मांडव पलीकडं. कुरिअरवाला फोन करतो 'माहुलीत आलोय, कुठं येऊ', आपण म्हणतो देवळापाशी ये, तो देवळापाशीच असतो पण नदीच्या दुसऱ्या काठाच्या देवळापाशी, कारण दोन्ही काठांना महादेवाची मोठी देवळं आहेत. म्हणून कुणालाही पत्ता देताना किंवा घेताना पहिला प्रश्न एकच ठेवा: पुलाच्या अलीकडं का पलीकडं? आणि अलीकडं-पलीकडं हे नेहमी सातारच्या बाजूनं मोजायचं, कोरेगावकडनं येणाऱ्यांनी उलटं धरू नये, इथं तीच पद्धत आहे.

ढोबळ मानानं असं लक्षात ठेवा. विश्वेश्वराचं देऊळ, छत्रपतींच्या घराण्यातल्या समाध्या, कैलास स्मशानभूमी हे सगळं अलीकडं, संगम माहुलीत. रामेश्वराचं देऊळ आणि रेल्वे स्टेशन पलीकडं, क्षेत्र माहुलीच्या अंगाला.

मॅपवर माहुली टाकलं तर आसनगाव दाखवतंय, काय करू?

ती ठाणे जिल्ह्यातली माहुली. तिथं माहुली किल्ला आहे, ट्रेकवाल्यांची आवडती जागा, चांगलीच आहे, पण आपला काही संबंध नाही. शिवाय सांगली जिल्ह्यात विट्याच्या बाजूला, खानापूर तालुक्यातही एक माहुली आहे. त्यामुळं नुसतं माहुली टाकू नका, 'संगम माहुली सातारा' किंवा 'क्षेत्र माहुली सातारा' असं पूर्ण टाका. तेही जमत नसेल तर सरळ 'सातारा रेल्वे स्टेशन' टाका, किमान नदीपर्यंत तरी बरोबर याल.

पुण्या-मुंबईकडनं गाडीनं कसं यायचं?

पुण्याहून साधारण ११० किलोमीटर. हायवे तोच जुना एनएच ४, आता त्याला ४८ म्हणतात, गावात अजून कुणी म्हणत नाही. खेड शिवापूरचा टोल, मग खंबाटकी घाट, मग आनेवाडीचा टोल. तो झाला की लिंब फाटा मागं टाकून वाढे फाटा येतो. इथं बरेच जण गडबडतात. वाढे फाट्याला डावीकडं वळायचं नाही, तो रस्ता वाढे, वडूथ करत लोणंद-फलटणकडं जातो. तसंच पुढं यायचं, मग बॉम्बे रेस्टॉरंट चौक येतो. उड्डाणपुलावर न चढता खालनं सर्व्हिस रोडनं यायचं आणि पुलाखालनं कोरेगावची पाटी बघून डावीकडं. उजवीकडं गेलात तर पोवई नाक्याला, म्हणजे शहरात पोहोचाल.

बॉम्बे रेस्टॉरंट हे चौकाचं नाव आहे, तिथं जेवायला मिळेल म्हणून कुणी थांबू नये असं मी सगळ्यांना सांगतो. रिक्षावाल्याला, ट्रॅव्हल्सवाल्याला, कंडक्टरला, सगळ्यांना हे नाव कळतं.

कोल्हापूर-कराडकडनं येत असाल तर उंब्रज, नागठाणे, शेंद्रे, अजंठा चौक, मग बॉम्बे रेस्टॉरंट, तिथं उजवीकडं. पंढरपूरकडनं असाल तर काही विचारायचीच गरज नाही, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव असा सरळ रस्ता आहे, सातारच्या आधी नदी लागते तीच आमची. ह्यालाच आता सातारा-लातूर महामार्ग म्हणतात.

एसटीनं?

सातारा स्टँडला उतरायचं. तिथनं कोरेगावकडं जाणारी कुठलीही साधी गाडी माहुलीवरनं जाते, पण चढायच्या आधी कंडक्टरला 'माहुलीला थांबणार का' विचारा, कारण जलद गाडी असेल तर तो तुम्हाला थेट कोरेगावचं तिकीट फाडायला लावेल. खाजगी ट्रॅव्हल्सनं आलात तर त्या बऱ्याचदा शहरात येतच नाहीत, हायवेवरच सोडतात. झोपायच्या आधीच ड्रायव्हरला बॉम्बे रेस्टॉरंट सांगून ठेवा, नाहीतर पहाटे डोळे चोळत शेंद्र्याला उतराल.

सातारा रेल्वे स्टेशन खरंच माहुलीत आहे? मग त्याला सातारा का म्हणतात?

हो, खरंच. पुणे-मिरज लाइन साताऱ्यात शिरतच नाही, ती कृष्णेच्या पलीकडनं, पूर्वेकडनं जाते. त्यामुळं शहराचं स्टेशन शहरापासून पाच-सहा किलोमीटर लांब, नदीच्या पल्याड आहे. नाव मोठ्या गावाचं लागलं, जागा आमची गेली, असं इथली म्हातारी माणसं म्हणतात, पण स्टेशनामुळं वर्दळ वाढली हेही तीच मान्य करतात.

कोयना एक्सप्रेस, महाराष्ट्र एक्सप्रेस, महालक्ष्मी एक्सप्रेस, गोवा एक्सप्रेस ह्या सगळ्या इथं थांबतात. सातारकर मात्र अजून एसटीचाच माणूस आहे, पुण्याला जायचं म्हटलं की त्याला स्वारगेटची विनाथांबाच आठवते. यात चूक काही नाही. रेल्वेनं पुणं गाठायला वेळ जास्त लागतो, कारण लाइन वाठार, आदर्की असे घाट-वळणं घेत फिरून जाते. पण आदर्कीच्या घाटातनं पावसाळ्यात एकदा तरी जाऊन बघा, तिकीट वसूल होतं.

मग सातारा रोड म्हणजे हेच का?

नाही! सातारा रोड हे कोरेगाव तालुक्यातलं वेगळं गाव आहे, त्याला पाडळी पण म्हणतात. धनजीशा कूपर यांच्या कारखान्यामुळं त्याचं नाव झालं, लोखंडी नांगर आणि पुढं इंजिनं तिथं बनायची. हे कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानसुद्धा होते, तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणायचे. तर तुमच्या पाव्हण्यांनी 'सातारा रोडला राहतो' असं सांगितलं तर ते सातारच्या रस्त्यावर राहत नाहीत, त्या गावात राहतात, तिकडं जायला वेगळी वाट आहे, आधी विचारून घ्या.

जरंडेश्वर पण दोन-तीन दिसतात...

चार धरा. एक जरंडेश्वर नाका, तो सातारा शहरात सदर बझारच्या बाजूला. दुसरा जरंडेश्वरचा डोंगर, वर मारुतीचं देऊळ, आमच्या गावातनं पूर्वेला बघितलं की तो दिसतोच. तिसरं जरंडेश्वर रेल्वे स्टेशन, सातारच्या आधीचं, पुण्याकडनं येताना. चौथा साखर कारखाना, तो कोरेगावच्या पुढं चिमणगावला. रिक्षावाल्याला नुसतं 'जरंडेश्वर' म्हणलात तर तो नाक्याला नेईल, त्याची काही चूक नाही.

रात्री महालक्ष्मीनं उतरलो तर गावात/शहरात कसं जायचं?

महालक्ष्मी मुंबईहून रात्री निघते आणि इथं मध्यरात्र उलटल्यावर येते. गाडी आली की बाहेर रिक्षावाले उभे असतात, 'स्टँड, स्टँड, पोवई नाका, राजवाडा' असा पुकारा चालू असतो, पाच-दहा मिनिटांत सगळे भरून जातात आणि मग जो सन्नाटा होतो तो होतोच. म्हणून जिन्यावर फोटो काढत बसू नका, आधी रिक्षा धरा. भाडं बसायच्या आधी ठरवा, शेअरमध्ये जायचं का एकट्यानं ते पण स्पष्ट बोला. क्षेत्र माहुलीत उतरायचं असेल तर घरनं कुणाला तरी बोलवा, कारण सातारचं भाडं सोडून जवळचं भाडं घ्यायला रात्री कुणी तयार होत नाही. सामान जड असेल आणि बाईमाणूस एकटं असेल तर उजाडेपर्यंत स्टेशनातच बसलेलं बरं, ह्यात कमीपणा काही नाही.

संगम कुठल्या नद्यांचा?

कृष्णा आणि वेण्णा. दोघी महाबळेश्वरच्याच. तिथं पंचगंगेच्या देवळात गोमुखातनं पाणी पडतं ना, त्या पाच नद्या मानतात: कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरली, ती गेली अरबी समुद्राला. कृष्णा धोम, वाई करत आली, वेण्णा मेढा, कण्हेर करत आली आणि दोघी माहुलीत भेटल्या. कोयना मात्र हेळवाकपर्यंत दक्षिणेला जाऊन मग वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते, तो प्रीतिसंगम. लोकांना कऱ्हाडचा संगम माहीत असतो, माहुलीचा सांगावा लागतो, ही आमची जुनी तक्रार आहे.

बघायचा असेल तर उन्हाळ्याच्या तोंडाला नका येऊ, पाणी खाली गेलेलं असतं, खडक आणि गाळ दिसतो. दिवाळीच्या आसपास या. पाणी निवळ झालेलं असतं, काठ हिरवा असतो आणि ऊनपण सोसवतं.

देवळं किती आणि कुठली बघायची?

लहानमोठी धरून बरीच आहेत, सगळी महादेवाचीच जास्त. वेळ कमी असेल तर दोन बघा.

पहिलं अलीकडचं विश्वेश्वर. १७३५ च्या सुमारास श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, काळ्या दगडाचं. बाहेर नंदी, आत गेलात की एकदम गार, बाहेर कितीही ऊन असू दे. समोरनं घाटाच्या पायऱ्या नदीत उतरतात. ह्या पायऱ्या नीट बघत उतरा, एक तर शेवाळ असतं, आणि दुसरं म्हणजे इथं सकाळच्या वेळी दहाव्याचे विधी चाललेले असतात. चिऱ्यांच्या सांध्यात पुराचा गाळ वाळून बसलेला, एखाद्या पायरीवर कावळ्यांनी विस्कटलेला भात, दर्भाच्या काड्या, फुटक्या मडक्याची खापरी, आणि चार पायऱ्या खाली कुणीतरी बाई शांतपणे धुणं आपटतीय, असं सगळं एकाच वेळी चालू असतं. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं, इथं कुणाला वाटत नाही.

दुसरं पलीकडचं रामेश्वर. विश्वेश्वराच्या बरोब्बर समोर, नदीच्या त्या काठाला. हे देगावच्या परशुराम नारायण अनगळ ह्या सावकारानं बांधलं, विश्वेश्वराच्याही आधीचं. ह्याच अनगळांनी देगावजवळच्या डोंगरावर पाटेश्वरचं काम केलं, त्याबद्दल खाली लिहिलंय. दोन्ही देवळं समोरासमोर असल्यामुळं एका काठावर उभं राहून दुसरं चांगलं दिसतं, जवळनं जेवढं दिसत नाही तेवढं लांबनं दिसतं. त्यामुळं विश्वेश्वराचा फोटो पाहिजे असेल तर रामेश्वराच्या घाटावर जा आणि उलट.

इथं कुठल्या शाहू महाराजांची समाधी आहे?

थोरल्या शाहू महाराजांची. कोल्हापूरचे राजर्षी शाहू वेगळे, ते १८७४ ते १९२२. आमचे शाहू म्हणजे संभाजी महाराजांचे चिरंजीव, शिवाजी महाराजांचे नातू. जन्म १६८२, लहानपणीच मोगलांच्या कैदेत गेले, १७०७ ला सुटले, १७०८ ला साताऱ्यात राज्याभिषेक, आणि १७४९ ला साताऱ्यातच गेले. सातारा शहर वसवलं ते त्यांनीच, म्हणून शाहूनगरी. हे इतकं सविस्तर लिहायचं कारण की दर महिन्याला कुणीतरी समाधीजवळ उभं राहून पोरांना राजर्षींची गोष्ट सांगत असतं.

त्यांच्या आई येसूबाई, ज्या त्यांच्याबरोबरच कैदेत होत्या आणि १७१९ ला परत आल्या, त्यांचीही समाधी इथंच. आणि महाराणी ताराबाईंची पण, त्या १७६१ ला गेल्या. आता बघा, ताराबाई आणि शाहू हे चुलती-पुतणे, गादीवरनं दोघांत लढाई झाली, राज्याची सातारा आणि कोल्हापूर अशी वाटणी झाली, आणि शेवटी दोघं एकाच नदीच्या एकाच काठाला. मला तरी वाटतं शाळेच्या सहली प्रतापगडावर नेतात तशा एकदा इथं पण आणाव्यात.

एक सूचना. समाध्या म्हणजे मोठी छत्री, महाल असं काही डोक्यात घेऊन येऊ नका. नदीच्या पात्रालगत दगडी चौथरे आहेत, पावसाळ्यात पाणी चढलं की ते पाण्याखाली जातात, उतरलं की गाळ काढावा लागतो. चौथऱ्यावर चढून बसायचं नाही, चप्पल घालून तर अजिबात नाही, कुणी बोललं तर वाद घालायचा नाही.

कुत्र्याची समाधी खरंच आहे का, का उगाच सांगतात?

आहे. शाहू महाराजांचा कुत्रा, खंड्या म्हणतात त्याला. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा ह्या कुत्र्यानं भुंकून सावध केलं आणि महाराज वाचले, म्हणून त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला अशी गोष्ट आहे. गोष्टीत तिखटमीठ किती ते तुम्ही ठरवा, पण इंग्रजांनी लिहिलेल्या सातारा गॅझेटियरमध्येसुद्धा ह्या कुत्र्याचा उल्लेख आहे. बारकी पोरं बरोबर असतील तर आधी हीच दाखवा, मग ती बाकीच्या इतिहासाला गप्प उभी राहतात.

रामशास्त्री प्रभुणे माहुलीचेच ना? अलीकडचे का पलीकडचे?

पलीकडचे, क्षेत्र माहुलीचे. पेशव्यांचे न्यायाधीश. नारायणराव पेशव्यांचा १७७३ ला शनिवारवाड्यात खून झाला, तेव्हा सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना 'याला देहान्त प्रायश्चित्तच' असं तोंडावर सांगितलं आणि नोकरी सोडून निघून आले, ते हेच. आजही गावच्या मीटिंगमध्ये कुणी फार नियमावर बोट ठेवायला लागला की मागनं आवाज येतोच, 'बसा शास्त्रीबुवा'. चेष्टेत असतं, पण थोडा अभिमान पण असतो त्यात.

बाजीराव आणि इंग्रजांचं माहुलीत काहीतरी झालं होतं म्हणे?

हो. १८१७ च्या ऑगस्टमध्ये दुसरा बाजीराव इथं मुक्कामाला असताना जॉन माल्कम त्याला माहुलीत येऊन भेटला. बाजीरावानं गोड बोलून त्याची समजूत काढली, आणि नोव्हेंबरात खडकीची लढाई झालीच. पुढच्या फेब्रुवारीत सातारचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. घाटावर ह्याची काही पाटीबिटी शोधत बसू नका.

कैलास स्मशानभूमीत यायचंय, बाहेरगावचे नातेवाईक विचारतायत.

अलीकडं, संगम माहुलीत, नदीकाठाला. पूल ओलांडायचा नाही. सातारा शहरातले बहुतेक अंत्यविधी इथंच होतात. बाहेरनं येणाऱ्यांना 'संगम माहुली, कैलास स्मशानभूमी' एवढंच सांगा, बॉम्बे रेस्टॉरंट चौकापासून दहा मिनिटं. घाईत कुणी स्टेशनच्या रस्त्याला लागून पूल ओलांडून जातं आणि तिकडं विचारत बसतं, तेवढं टाळा. रक्षाविसर्जन आणि दहावा घाटावरच होतो. विधीचं सामान शहरातनंच घेऊन या, आयत्या वेळी इथं सगळं मिळेल असं धरू नका. आणि राख, मडकं एवढं ठीक, पण गादी, उशा, प्लास्टिकच्या पिशव्या नदीत सोडू नका, ते खाली कुठंतरी पुलाच्या खांबाला अडकतं आणि मग गावातली पोरं काढत बसतात.

पाऊस नसताना नदीला पूर कसा येतो?

हा प्रश्न नवीन राहायला आलेले हमखास विचारतात. पाऊस इथला नसतोच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, साताऱ्यात त्याच्या पाव हिश्श्याइतका पण धड नाही, आणि आणखी पूर्वेला माण-खटावला तर पाण्याची बोंब. म्हणजे वर घाटमाथ्यावर मुसळधार चालू असतो, इथं पोरं क्रिकेट खेळत असतात, आणि नदी मात्र फुगलेली.

त्यात कृष्णेवर धोम धरण आणि वेण्णेवर कण्हेर. दोन्ही भरत आली की दरवाजे उघडतात, आणि दोन्हीचं पाणी येऊन मिळतं कुठं, तर आमच्या दारात. एकच नदी फुगली तर घाटाच्या काही पायऱ्या जातात, दोन्ही एकदम आल्या तर समाध्या दिसेनाशा होतात. जुलै-ऑगस्टमध्ये विसर्ग वाढवल्याचा मेसेज फिरायला लागला की घाटावर उतरायचं बंद. रील काढायला तर नाहीच. पाण्याला आवाज नसतो म्हणून जोर नाही असं वाटतं, पण मधोमध आख्खं झाड वाहत येताना बघितलं की कळतं.

मग बाकीच्या वेळी पोहायला चालतं का?

नको. गावातली पट्टीची पोहणारी माणसं पोहतात, त्यांना कुठं डोह, कुठं खडक ते माहीत आहे. संगमापाशी दोन प्रवाह एकमेकांत घुसतात, तिथं वरनं सपाट दिसतं आणि खाली ओढ असते.

माहुलीत प्लॉट घ्यावा का? एजंट म्हणतो रिव्हर व्ह्यू आहे.

रिव्हर व्ह्यू म्हटलं की आधी पूररेषा विचारायची. जलसंपदा विभागाच्या दोन रेषा असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत, नदीच्या बाजूला बांधकामाला परवानगीच मिळत नाही, आणि निळ्या-लालच्या मधे अटी असतात. एजंट हे स्वतःहून सांगणार नाही. एका ओळखीच्या कुटुंबानं असाच एक प्लॉट नुसता व्ह्यू बघून घेतला, आता तिथं व्ह्यू आहे आणि ज्वारी आहे, घर नाही.

बाकी नेहमीचंच. सातबारा बघा, एनए झालंय का बघा, रस्ता कागदावर आहे का नुसता तोंडी आहे ते बघा. आणि सगळ्यात सोपं म्हणजे शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, 'आजोबा, पाणी कुठवर आलंतं?' तो हातानं भिंतीवर खूण दाखवतो. ती खूण नकाशाशी ताडून बघा.

अलीकडं घेतला तर शाळा, दवाखाना, बाजार सगळं शहराचं वापरता येतं. पलीकडं स्टेशन जवळ आणि दर थोडे बरे, पण रोज पुलावरनं जा-ये, आणि ऊसाच्या सीझनमध्ये ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं मागं. ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नसतो, रात्री टू-व्हीलरवाल्यांनी फार जपून.

खायला-प्यायला काय मिळतं?

चहा, वडापाव, भजी. बस. जेवणासाठी शहरात जा. कंदी पेढे पण शहरातच, इथं कुणी विकत असेल तर तो तिथनंच आणून विकतो. कोरेगावच्या बाजूला जाणार असाल तर वाघ्या घेवडा घेऊन या, त्याला जीआय मानांकन आहे, आमटी नुसती पीत बसाल.

आख्खा दिवस आहे, आसपास अजून काय बघता येईल?

माहुलीला निवांत बघायला दोन-अडीच तास पुरतात, दोन्ही काठ धरून. नंतर माझ्या मते पाटेश्वर करा. देगावजवळ डोंगरावर, एमआयडीसीच्या बाजूनं रस्ता आहे, शेवटी थोडं चालावं लागतं. कोरलेल्या लेण्या, पुष्करणी, आणि मोजता येणार नाहीत इतकी शिवलिंगं, कुठं हाताएवढी, कुठं बोटाएवढी, एकाच दगडात ओळीनं कोरलेली. अनगळांचं रामेश्वर बघून मग तिकडं गेलात तर एका सावकाराच्या पैशाचं काय काय झालं ते सलग दिसतं. दुपारी तिथं गर्दी नसते, पाणी बरोबर न्या.

हायवेनं पुण्याकडं परत जाणार असाल तर लिंब फाट्याला वळून बारामोटेची विहीर बघा, शाहू महाराजांच्याच काळातली, वीरूबाई भोसले यांनी बांधलेली. आत उतरायला जिना आणि मधे चक्क छोटा महाल आहे. शनिवार-रविवार मात्र तिथं पाय ठेवायला जागा नसते.

पाय धड असतील तर जरंडेश्वर. श्रावणातल्या शनिवारी यात्रेसारखी गर्दी, एरवी शांत. द्रोणागिरी नेताना मारुतीच्या हातनं एक तुकडा इथं पडला म्हणून औषधी झाडं आहेत अशी कथा आहे. पहाटे निघा, ऊन चढायच्या आत खाली या.

कन्यागत म्हणजे काय, ते माहुलीत पण असतं का?

गुरू कन्या राशीत आला की कृष्णेची पर्वणी, दर १२ वर्षांनी. वाईला आणि खाली नरसोबाच्या वाडीला फार मोठं असतं, इथंही स्नानाला लोक येतात. त्या दिवसांत गाडी घाटापर्यंत न्यायचा विचार करू नका.

गाडी कुठं लावायची?

अलीकडं देवळाकडं जाणारा रस्ता अरुंद आहे, मोठी गाडी आत घालू नका, समोरनं अंत्ययात्रा आली तर रिव्हर्स घेत बसावं लागतं आणि ते बरं दिसत नाही. मुख्य रस्त्यालाच बाजूला लावा, पण कुणाच्या दुकानाच्या तोंडाशी नको. पलीकडं जागा थोडी मोकळी आहे. पुलावर गाडी थांबवून फोटो काढणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगणं आहे, मागं ऊसाची ट्रॉली असते आणि तिला ब्रेक लागायला वेळ लागतो.